उघडलं ते मिटवणाऱ्या वहिनी

मुलांनो, उघडलेली प्रत्येक गोष्ट न विसरता मिटवणारी व्यक्ती साऱ्या सोलापुरात एकच आहे, आणि ती आमच्या समोर राहते. या समोरच्या वहिनी आमच्याकडे आल्या की आधी फाटक उघडतात, मग जाळीचं दार, मग गोष्ट. त्या गोष्टीतून दुसरी निघते, दुसरीच्या पोटातून तिसरी. एकदा नवी पेठेत परकराचं कापड घेताना त्यांनी नणंदेच्या लग्नाची हकिकत सुरू केली. तिच्यातून आचाऱ्याची निघाली, आणि आचाऱ्याच्या हकिकतीतून त्याच्या हरवलेल्या बैलाची. दोन दुकानं झाली, रिक्षा झाली, मी सगळं विसरूनही गेले. घराशी उतरता उतरता वहिनी म्हणाल्या, "तर बैल सापडला. म्हणून आचारी वेळेवर आला. म्हणून लग्न लागलं." आणि आमचं फाटक लावून त्या गेल्या. मी पिशवी धरून थक्क उभी.

त्यांची दुसरी सवय म्हणजे कशालाही हात लावण्याआधी जुनं थोडं बाजूला काढून ठेवायचं. आमटीत मीठ घालण्याआधी वाटीभर अळणी आमटी निघते, न जाणो, खारट झाली तर! त्यांच्या यजमानांनी संसारभर ती वाटी निमूटपणे संपवली आहे.

घर विणकरांचं, घरातली बोली तेलुगू. सासूबाई, म्हणजे त्यांच्या अत्तम्मा, नव्वदीच्या. मागाचे, सणांचे, चुलीपुढचे कितीतरी शब्द आता त्या घरात फक्त अत्तम्मांना येतात, आणि अलीकडे त्यांनाही आठवेनासे झाले. ते पुसले जाण्याआधी टिपायचे, असं वहिनींनी ठरवलं. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं त्यासाठी एक एक्सएमएल फाइल करून दिली. तिच्यात प्रत्येक शब्दाला आपली एक पेटी. पेटी उघडल्याची खूण, आत शब्द आणि अर्थ, मग मिटल्याची खूण. वहिनींच्याच स्वभावाची फाइल म्हणा ना! पण हातानं भरताना एखादी खूण उघडी राहिली की अख्खी फाइल रुसायची. म्हणून वहिनी, ज्यांनी चिंचोळी एमआयडीसीत कंप्युटरवर टॉवेलची डिझाइनं काढत सारी नोकरी केली, त्या निवृत्तीनंतर कोड लिहायला शिकल्या.

पहिल्यांदा कोड चालवला तेव्हा मी शेजारीच बसले होते. नवा शब्द फाइलमध्ये गेला, आणि बाकीचे सगळे नाहीसे झाले. कोडनं फाइल कोरी करून मग लिहिलं होतं. अत्तम्मांकडून ते शब्द पुन्हा मिळणार नव्हते. वहिनींनी शांतपणे माझ्या कपात चहा ओतला आणि बाजूला ठेवलेली प्रत काढली. अळणी आमटीच ती. म्हणाल्या, "मागावरचा ताणा, उभे धागे, संपत आला म्हणून जुना कापून टाकतं का कुणी? नवा धागा जुन्याच्या टोकाला सांधायचा असतो की." मग त्यांनी कोड बदलला. आधी जुनं सगळं वाचायचं, मग नवी पेटी योग्य जागी ठेवून मिटवायची, आणि मगच लिहायचं. या वेळी पडद्यावर जुने शब्द ओळीनं उभे होते आणि शेवटी नवा, गोरुमुद्दा. म्हणजे बोटांच्या टोकांनी भरवलेला इवलासा घास. देवळात जुळावेत तसे माझे हात आपोआप जुळले.

हल्ली अत्तम्मांना भरवावं लागतं. परवा मी गेले तेव्हा त्या जेवत होत्या. पाहुण्यासमोर मराठीत बोलायचं, एवढा शिष्टाचार त्यांना अजून आठवतो. वहिनींनी भाताचा छोटा घास पुढे केला आणि म्हणाल्या, "अत्तम्मा, गोरुमुद्दा घ्या."

अत्तम्मांनी तोंड उघडलं नाही. "ह्यो शब्द कुणी सांगितला ग तुला?"

"तुमीच की."

अत्तम्मांनी वहिनींचा चेहरा न्याहाळला. मग म्हणाल्या, "कुणी का सांगितला असंना. बरोबर सांगितलाय." आणि त्यांनी तोंड उघडलं.

वहिनी नेहमीप्रमाणे मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. घरी येऊन मी खिडकीतून पाहिलं, तर त्या आत गेल्या होत्या, आणि त्यांचं फाटक उघडंच होतं.