जनरलसाहेबांचा पूल

मेथीची जुडी निवडायला घ्यावी, तसं आहे आमच्या जनरलसाहेबांचं. एक काडी उचलली की चार हाताशी येतात!

अमेरिकेत, शुगर लँडला, लेकाच्या घरामागे पार्क आहे. ऊन चढायच्या आत आम्ही म्हातारी मंडळी तिथल्या बाकावर जमतो. जनरलसाहेब बांगलादेशचे. तरुणपणी त्यांच्या स्वातंत्र्याच्या लढाईत नदीनाल्यांतून लपतछपत लढले, पुढे फौजेत जनरल झाले. आता मुलाकडे राहून त्याच लढाईचा इतिहास लिहितात. त्यांची हिंदी बंगाली वळणाची, माझी मराठी. जमतं!

*

एकदा आमच्यातल्या लताकाकू म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या घरात सासू-सुनेचं कडाक्याचं वाजलं!"

साहेब म्हणाले, "तुम्ही पाहिलं?"

"नाही, ऐकलं."

"स्वतः? की कुणी सांगितलं? आणि सांगणारा तेव्हा कुठल्या खोलीत होता?"

तेव्हापासून बाकावरची निम्मी करमणूक बंद!

*

शुगरमुळे सुनेने साहेबांचं गोड तोडलेलं. दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिची जरा पाठ वळली. मी बघते तर साहेब शांतपणे पाणी पिताहेत, आणि माझ्या ताटातल्या दोन करंज्या गायब!

मी म्हटलं, "आमच्याकडे याला गनिमी कावा म्हणतात."

"हल्ला छोटा, माघार झटपट," ते म्हणाले. मिशीला सारण तसंच!

*

त्याच पॉटलकला माझ्या लेकाने, सचिनने माइक घेतला. "यांनी एकट्याने शत्रूचा पूल उडवला! मेडल मिळालं!" टाळ्याच टाळ्या.

साहेब उठले. "त्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो. धमाका मी गोधडीतून ऐकला."

त्यांच्या मुलाने, फारुकने तर मानच खाली घातली. मेडल त्याच्या हॉलमध्ये काचेत लावलंय ना!

*

दुसऱ्या दिवशी फारुक पार्कात आला. "मावशी, तुम्ही तरी समजवा. पब्लिशर म्हणतो, पूल काढला तर बुक कॅन्सल. इतक्या वर्षांचं काम!"

"पूल कुठे काढतोय?" साहेब म्हणाले. "मला काढतोय."

मग कळलं. टोपलीत वर मासळी, खाली सुरुंग, अशी पहाऱ्यातून चालत गेली ती जमिला, गावातली कोळीण. वातही तिनेच पेटवली. सरकारी कागदावर नाव लागलं तुकडीचा म्होरक्या म्हणून साहेबांचं, आणि तेव्हा साहेबही गप्प बसले.

"लोकांना विचारत फिरतो, पाहिलं का म्हणून. मला कोण विचारणार?" साहेब म्हणाले.

मी फारुकला म्हटलं, "बाळा, पूल उडवला म्हणणारे पुष्कळ. मी नाही उडवला म्हणणारा एक तरी दाखव!"

*

तरी जमिलाला ऐकवल्याशिवाय छापायचं नाही, हा साहेबांचा हट्ट. पब्लिशरचं पब्लिशर बघेल! ती अजून त्याच गावात असते. तिच्या नातीने व्हिडिओ कॉल लावून दिला. बाकावर आम्ही सगळे फोनभोवती, फारुक आम्हाला हिंदीत सांगतोय.

साहेब उभे राहिले. फोनला कडक सॅल्यूट ठोकला. मग अख्खं प्रकरण वाचलं. म्हातारी पान चघळत ऐकत होती.

"बरोबर आहे ना, आपा? काही राहिलं?"

"राहिलं," ती म्हणाली. "टोपली माझ्या सासूची होती. मागून घेताना संध्याकाळी परत आणून देतो म्हणाला होतास!"