बालगृहाच्या पोरी आणि नारायणची होडी

बालगृहाची मुलं वेसाव्याच्या किनाऱ्यावर तयार होऊन उभी होती आणि माझा धाकटा दीर नारायण पोरींना होडीत घ्यायला तयार नव्हता.

मी अंधेरीच्या बाजारात मासे विकायचे. बालगृहाचे माने सर माझं नेहमीचं गिऱ्हाईक. गिरणी संपानंतरची ती वर्षं. घर मोडलेली मुलं त्यांच्याकडे वाढत चालली होती. एकदा सर म्हणाले, "मावशी, मुलांना एक दिवस मासेमारी दाखवता येईल का?" नारायण तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. तो लगेच हो म्हणाला. डिझेल एका क्लबने द्यायचं ठरलं. पोरीही येणार, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"वयनी, बाय होडीत चढली का म्हावरा पलतो," नारायण म्हणाला.

आमच्यात रीतच तशी. समुद्र पुरुषांचा. मासळी किनाऱ्याला लागली की बायकांची. विकायची आम्ही, भाव आम्ही ठरवायचा. जन्मभर मासे विकले, पण होडीत पाय ठेवला नव्हता.

सर म्हणाले, "मुलींचे वाळूत खेळ घेऊ."

सुमन नावाची एक पोरगी कमरेत मोटारीच्या चाकाची ट्यूब अडकवून उभी होती. बुडू नये म्हणून सरांनी सगळ्यांना दिलेली. ती म्हणाली, "मला खेळ नको. जमीन दिसायची बंद होते ना, तिथे जायचंय."

तिच्याएवढी असताना मी माझ्या आज्याला हेच म्हणाले होते. त्याने माझ्या हातात टोपली दिली.

मी म्हणाले, "नारायण, पोरी नाय गेल्या त उद्याचा म्हावरा तूच पाटीन भर नि अंधेरीला ने."

खलाशी हसायला लागले. "तांडेल, पापलेटाला भाव काय लावशील रे?"

"गप रे!" नारायण ओरडला. मग म्हणाला, "चला गो, बसा. पन वयनी, तू नाय. त्या बारक्या हायेत, चालल."

तोवर मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले होते. तिथेच उभी राहिले. सरांसकट सगळी होडीत बसली. होडी दिसेनाशी झाल्यावर मी बाहेर आले आणि बोंबील वाळत घालायला लागले.

दुपारी होडी परत आली. मांदेली भरपूर, थोडी कोलंबी. मासे पळाले नव्हते.

"काय दिसलं गं?" मी सुमनला विचारलं.

"काहीच नाही, मावशी. चारी बाजूंना नुसतं पाणी. मी हात घालून बघितला. इथल्यापेक्षा गार होतं."

मला अजून बरंच विचारायचं होतं. पण तिला उलटी झाली आणि सर तिला नळावर घेऊन गेले.

पुढे दरवर्षी मुलं येत राहिली. पोरींना कुणी अडवलं नाही. आता नारायण नाही. होडी पुतण्याने विकली. मी तिच्यात कधी बसलेच नाही.

भाव करायला उभं राहिलात, तर स्वतःसाठीही आधीच मागून घ्या. सौदा ठरल्यावर कुणी वर काही घालत नाही.