शारबेकचा सातवा बाप

कोलखोझ, म्हणजे सरकारी सामुदायिक शेती, होतं तोवर ओरोझअली चित्रकाराने नारीन प्रांतभरच्या क्लबांच्या भिंतींवर ट्रॅक्टरवाले आणि दूध काढणाऱ्या बायका रंगवल्या. त्यांची नाकं कशी असावीत हे वरून ठरून यायचं. कोलखोझ मोडलं तेव्हा त्याला वाटलं, आता आपण आपल्या मनाचे मालक. कसलं काय! आता नाकं गिऱ्हाईक ठरवायला लागलं.

शारबेकने लग्नकार्यांसाठी नवा हॉल बांधला आणि समोरच्या भिंतीवर आपले सात बाप मागितले. म्हणजे बापापासून मागे सातव्या पूर्वजापर्यंत. त्यांची नावं घरातल्या पोरासोरांनाही पाठ. चेहरे मात्र पहिले दोन सोडले तर कुणी पाहिलेले नव्हते.

"तुझ्या मनाने काढ, उस्ताद," शारबेक म्हणाला, "फक्त खानदानी दिसू देत."

सहा जण निमूट भिंतीवर आले. सातव्याशी हात अडला. आणि एका दुपारी, ध्यानीमनी नसताना, ब्रशखाली ओरोझअलीचा स्वतःचा बाप उमटला. लोकांचे घोडे राखता राखता तरुणपणीच गेलेला. त्याचा एकुलता एक फोटो पुरात पेटीसकट वाहून गेला होता, आणि घरी कितीदा प्रयत्न केला तरी तो चेहरा कधी हाती लागला नव्हता. दुसऱ्याच्या सात बापांत आपला बाप बसवायचा, याहून मोठी आगळीक त्या मुलखात नाही. ओरोझअलीला ते पक्कं ठाऊक होतं. पण पुसायला हात उठेना.

त्याची आई बुरुल पहिल्याच लग्नाला गेली, भिंतीकडे बघितलं आणि होती तिथेच खाली बसली. मुलाला एका शब्दाने विचारलं नाही. मग आमंत्रण असो नसो, ती प्रत्येक लग्नाला जाऊ लागली आणि सातव्यासमोरची जागा धरून बसू लागली.

सगळं बिघडलं ते शारबेकच्या चुलत्यांमुळे. भरल्या पंगतीत एकाने चिमटा काढला, "काय रे, हा सातवा कुणावर गेलाय? आपल्यात इतके गरीब डोळे कुणाचेच नाहीत."

शारबेकला ते झोंबलं. सकाळीच त्याने ओरोझअलीला गाठलं. "सातव्याला माझा चेहरा दे."

"चांगला दिसतोय की, बाइके," ओरोझअली अदबीने म्हणाला.

"चांगला दिसतोय, आमचा दिसत नाही. जमत नसेल तर तसं सांग. गवंडी बोलावतो, खरवडून टाकू दे."

ओरोझअलीची पुरती कोंडी झाली. खरं सांगावं, तर शारबेकच्या कुळाचं हसं होणार आणि यालाही पुन्हा कुणी भिंत देणार नाही. नाही म्हणावं, तर बाप चुन्याच्या ढिगात. फोटो काढून ठेवावा, तर गावातला एकमेव फोटोवाला शारबेकचा भाचा. निदान आपल्या रंगाखाली तो शाबूत तरी राहील, अशी स्वतःची समजूत घालून तो शिडीवर चढला. गाल भरले, जबडा रुंद केला, एक डोळा बारीक केला. प्रत्येक फटकाऱ्याला वाटत होतं, आपणच त्याला पुन्हा मातीत लोटतोय.

तेवढ्यात बुरुल आली. हातात फडक्याखाली गरम बोर्सोक, कणकेचे तळलेले तुकडे, होते. मेलेल्या माणसाला वास पोहोचावा म्हणून तळतात तसे, सकाळी उठून तळलेले. ती नेहमीच्या जागी बसली आणि उरलेल्या एका डोळ्याकडे बघत राहिली.

शिडीखाली उभं राहून काम बघणाऱ्या शारबेकने हात पुढे केला. "आपा, कुणाच्या नावाने तळलेत?"

"नवऱ्याच्या."

त्याने एक बोर्सोक तोंडात टाकला, दोन्ही तळवे पसरून मनापासून दुवा मागितली आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "पोहोचो त्यांना. भला माणूस असणार."

"होता," बुरुल म्हणाली.

शारबेकने तेलकट बोट भिंतीकडे केलं. "उस्ताद, तो एक डोळा राहिलाय."

ओरोझअलीने आईकडे पाहिलं नाही. ब्रश रंगात बुडवला.