प्रेमदास गुरुजी आणि धर्मसिंगचा ट्रक

प्रेमदास गुरुजी आमदार झाले तेव्हा अख्ख्या तांड्याने गुलाल उधळला. मी नाही उधळला. कळमनुरी तालुक्यात एकाच शाळेत आम्ही दोघांनी कैक वर्षं शिकवलं. मास्तर म्हणून माणूस सोन्यासारखा, हे आधीच सांगून टाकते. नंतर म्हणायला जड जातं.

दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघायचा. पोरंही जायची, शाळा ओस पडायची. गुरुजी ट्रकसमोर आडवे उभे राहत, पोरांना हाताला धरून उतरवत. त्या पोरांपायी कितीतरी आया तोडीला न जाता मागे थांबत. याच नावावर पंच्याण्णव साली ते निवडून आले.

मग जीप आली, मुंबईच्या फेऱ्या आल्या. हिंगोली जिल्हा वेगळा व्हायच्या एक-दोन वर्षं आधी त्यांचा मेहुणा धर्मसिंग मुकादम झाला, म्हणजे कारखान्याला तोडणीची माणसं पुरवायला लागला. आणि पाठोपाठ गुरुजींनी तांड्यावर वसतिगृह मंजूर करून आणलं. आईबाप तोडीला, पोरं वसतिगृहात. पेपरात फोटो! मी म्हटलं, लेकरांपायी थांबणाऱ्या बायका आता कोणाच्या ट्रकमध्ये बसणार? धर्मसिंगच्याच ना? लोक म्हणाले, बाई, तुम्हाला साखरेत मुंग्याच दिसतात.

ट्रक निघायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. गुरुजी आलेच होते, कडक इस्त्रीत. पेमा आणि नानीबाई हे जोडपं सामान चढवून वर बसलं होतं. त्यांची निता सातवीत, हुशार पोरगी. ती वसतिगृहात राहायची होती. नानीबाईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

"गुरुजी, पोरगी वयात येऊन राहिली. रातीला तिथं बाईमाणूस कोण ऱ्हाती?"

"नेमणूक होणार आहे. बघू."

"मंग तवर तुमची रुपा ठिवा तिच्यासंगं."

रुपा गुरुजींची लेक, नांदेडला इंग्रजी शाळेत. गुरुजी हसले. "नानी, काहीतरीच काय!"

"काहीतरी काहून? जागा चांगली हाय म्हणता ना?"

लिंबाखाली तांड्याचे नायक बसले होते, म्हातारे खेमा. "बराबर हाय तिचं. जबाब द्या, गुरुजी." तांड्यात नायकाने विचारलं की उत्तर द्यावं लागतं, आमदार असला तरी. गुरुजी नुसतं घड्याळ बघत राहिले.

नानीबाई उतरली. तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई नसली तर गड्याला कोणी विचारत नाही. पेमाही गोधड्या घेऊन खाली आला. मग आणखी बायका उतरायला लागल्या. धर्मसिंग भडकला.

"दाजी, वसतिगृह झालं की एकबी कोयता कमी पडायचा न्हाई, तुमीच म्हणले व्हते ना!"

सगळ्यांनी ऐकलं. गुरुजी जीपमध्ये जाऊन बसले.

निता घरी राहूनच शाळेत जात राहिली. पेमा-नानीबाईंनी वारंगा फाट्यावर मिळेल ते काम केलं. फार हाल काढले. पुढच्या हंगामात वसतिगृहावर बाई नेमली गेली, ती धर्मसिंगची बायको! आणि निवडणुकीत गुरुजी पुन्हा आले.

मी नानीबाईला विचारलं, "मत कोणाला दिलंस गं?"

"गुरुजीलाच. मुंबईत आपलं माणूस पायजे का न्हाई?"

"आणि निता?"

"ती माझ्यापाशी हाय. मत दिलं बाई, पोरगी न्हाई द्यायची."