गोदाबाईंचं नाक आणि जिल्दवाले चाचा

अन्याय झाला तो अमरावतीच्या फूलबाजारात झेंडू-शेवंती विकणाऱ्या गोदाबाईंवर. वेळ : रविवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. स्थळ : वातानुकूलित सभागृह, पहिली रांग. त्यांच्याच बाजारावरच्या फोटोंचं पुस्तक प्रकाशित झालं, पाहुण्यांनी ते छातीशी धरून दात दाखवले आणि एक प्रत गोदाबाईंच्या मांडीवर आली. त्यांनी आपलं पान उघडलं. डाव्या पानावर एक कान, उजव्या पानावर दुसरा कान, दोन्हीकडे झेंडूचे ढीग. मधला चेहरा पुस्तकाच्या घडीनं गिळलेला.

हे होणार असं एका माणसानं तीन महिने आधी सांगितलं होतं. लेखी नाही, तोंडी, आणि अपमान करून. अकोल्याचे जिल्दवाले चाचा. पुस्तकं, वह्या, कोर्टाचे गठ्ठे शिवायचे आणि त्यांना पुठ्ठा चढवायचा, हा त्यांचा धंदा. छापलेला कागद हातात आला की कोणीही आधी मथळा वाचतो. चाचा मथळ्याकडे ढुंकून बघत नसत. कागदाच्या डाव्या कडेवरून अंगठा फिरवत आणि तेवढ्यावर समोरच्याची लायकी ठरवत.

मी फेरीवाल्यांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. वर्षभराची पत्रकं बांधून घ्यायला पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा मला वाटलं होतं, एवढा धगधगता मजकूर पाहून म्हातारा उठून उभा राहील. चाचांनी अंगठा फिरवला.

"बेटा, हे कोनं लिवलं?"

"मी," मी मान ताठ करून म्हणाले.

"मंग शिवाले जागा काहून नाई ठेवली? सारा कागद बोलूनच भरून टाकला. सुई काय तुह्या इन्किलाबातून घालू?"

त्यांनी घातली. त्या वर्षीच्या आमच्या सगळ्या घोषणांची पहिली अक्षरं आजही शिवणीखाली दबून आहेत.

"मजकूर तुमचा, मार्जिन माहं," हे त्यांचं वाक्य वकिलांनाही ऐकावं लागे आणि पोथी घेऊन आलेल्या महाराजांनाही. समास बरोबर सोडला असेल त्याला चहा, नसेल त्याला बोलणी. एक प्राध्यापक प्रबंध घेऊन आले आणि "आजच्या आज हवा" म्हणून घड्याळ दाखवू लागले. चाचा म्हणाले, "तुमी लिवाले पाच साल लावले सर. मी दोन दिवस लावले तं तुमची अक्कल काय शिळी होईन?" काम वेळेवर देणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. मी त्यांच्यावर एक निषेधाचं पत्रक काढणार होते. ते बांधायला त्यांच्याकडेच न्यावं लागलं असतं म्हणून राहिलं.

आता फोटोवाले सर. मूळचे अमरावतीचे, राहायला पुण्याला; त्यामुळे पुण्यात वऱ्हाडाबद्दल बोलायचे आणि वऱ्हाडात पुण्याबद्दल. पाच वर्षं त्यांनी पहाटे येऊन आमच्या बाजाराचे फोटो काढले. मेहनत खरी, नाकारत नाही. त्यांना बाजारात मीच हिंडवलं. आधी कोणी बाई तयार नव्हती. गोदाबाई मात्र समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काढा. पन तोंड नीट येऊ द्या. उद्या साहेब लोक आमाले हटवाले आले अन् म्हनले, बुढी तू इथं कधी बसतच नव्हती, तं दाखवाले होईन." सरांनी मान डोलावली. त्यांना ऐकू काय आलं होतं कोण जाणे.

फोटो निवडून पानं लावली पुण्याच्या एका डिझायनर मुलीनं, कॉम्प्युटरवर. पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी एकसंध दिसतात. तिथं घडी नसते, शिवण नसते. गोदाबाईंचा फोटो दोन्ही पानं भरून पसरला, बाई बरोब्बर मधोमध. सर खूश. पुस्तक हातानं शिवलेलं हवं, असा त्यांचा हट्ट. म्हणून पानं छापून नमुन्याची प्रत बांधायला मी अकोल्याला घेऊन गेले. नमुना पसंत पडला तर चाचांना हिवाळाभराचं काम मिळणार होतं. त्यांना त्याची गरज होती. वह्या शिवून घेणारे आता उरले किती?

चाचांनी पानं जुळवली, अंगठा फिरवला आणि थांबले.

"हे बाई कोन हाये?"

"गोदाबाई. फुलं विकतात."

"जित्ती हाये?"

"हो की!"

"मंग तिच्या नाकातून सुई कायले घालाले लावून राहिली मले?"

शिवणीत दोन्ही पानांची बोटभर कड जाते, आणि त्या बोटभरात गोदाबाईंचं नाक, ओठ, डोळ्यांचे कोपरे होते. मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "चाचांना समजावून सांग, हे आर्ट बुक आहे. वाचक तो चेहरा मनात जोडतो." मी ते तसंच सांगितलं.

"मनातच जोडाचं हाये तं मले कायले बलावलं?" चाचा म्हणाले. "फोटो लहान करा, एका पानावर घ्या. झालं."

सर म्हणाले, लहान केला तर झेंडूचा इम्पॅक्ट जातो.

"त्याले सांग, झेंडू उद्या दुसरा येते. हे नाक कुठून आनता?"

इथं माझी मर्दुमकीही सांगते. ‘तडजोड नाही’ हे शब्द ज्या पोरीनं भिंतीभिंतीवर रंगवले, ती म्हणाली, "चाचा, घ्या ना करून. काम चांगलं आहे." चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पत्रक आहे आणि माझा समास चुकलाय. पानं पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली आणि हातात दिली. त्या दिवशी चहा नव्हता.

पुस्तक मग मोठ्या शहरातल्या मशीनवर बांधलं गेलं. मशीन विचारत नाही, बाई जित्ती आहे का. पाठीला गोंद, आत जाड कागद. पुस्तक धड उघडतही नाही. हातशिलाईचा हट्ट सरांनी सोडला, फोटो लहान केला नाही.

तर तो रविवार. गोदाबाईंनी भातकुलीहून सुनेला मुद्दाम आणलं होतं. पान ओढून पाहिलं, पुस्तक तिरपं करून पाहिलं. मग पहिल्या रांगेतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माहे कान तं दिसून राहिले. मंग मी कुठी गेली?"

सर वाकून म्हणाले, "आजी, तुम्ही फुलांमध्ये विरघळलात." सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

"विरघळाले मी काय बत्तासा हाओ?" गोदाबाई म्हणाल्या. त्यावर टाळ्या आल्या नाहीत. मी त्यांच्या कानाशी वाकून चाचांच्या नकाराची हकिकत सांगून टाकली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या मानसाकडं ने मले, ज्यानं नाई म्हटलं."

दोन दिवसांनी आम्ही एस.टी.नं अकोल्याला गेलो. चाचांनी गोदाबाईंना आधी नीट पाहून घेतलं, मग पुस्तक मागितलं. मला वाटलं, आता मला बोलणी बसणार. त्यांनी पुस्तक ते पान उघडून टेबलावर ठेवलं, दोन्ही तळहात टेकवले आणि अंगाचा सगळा भार देऊन दाबलं. पाठ कडकन मोडली. मी ओरडले. गोदाबाई म्हणाल्या, "गप बस व."

चाचांनी दोन्ही पानं सोडवली, कडेचा गोंद चाकूनं खरवडला, पानं कडेला कड लावून मागून पातळ कागदाची पट्टी चिकटवली. मशीननं दोन्हीकडची थोडी कड आधीच खाल्ली होती, तेवढं काही परत येणार नव्हतं. पण डोळे आले, ओठ आले, नाकही आलं, जरासं चिंचोळं.

"मशीनीनं थोडं खाल्लं, बाई," चाचा म्हणाले. "माफ करजा."

"राहू द्या भाऊ. जवानीत माहं नाक असंच होतं."

चाचा हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चहा आला. गोदाबाईंना कपात, मला बशीत उरलेला.

उन्हाळ्यात चाचा गेले. मला कळलं तेव्हा दफन होऊन आठ दिवस झाले होते. दुकानाला कुलूप होतं आणि आत कोणाकोणाचे वेळेवर न दिलेले गठ्ठे होते. त्यात आमचाही होता. त्या माणसानं हिवाळाभराचं काम एका अनोळखी बाईच्या नाकासाठी सोडलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी एवढं काही केलं असतं तर चार पत्रकं काढली असती.

पुस्तकाला बक्षीस मिळालं आहे. दुसरी आवृत्ती जशीच्या तशी येते आहे. बाजार हटवण्याच्या नोटिसाही आल्या आहेत. गोदाबाईंनी चाचांनी जोडलेलं पान सुनावणीला नेलं आणि साहेबांसमोर धरलं, "हे मी, हे माही जागा." साहेबांनी बघितलं. पण त्या पुस्तकात घडीत अडकलेल्या आणखी बायका आहेत, पालकवाली आहे, लिंबंवाली आहे, आणि त्यांना सोडवणारे चाचा आता नाहीत.

म्हणून ज्यांच्या ज्यांच्या दिवाणखान्यात ते पुस्तक शोभेला ठेवलेलं आहे, त्यांना माझं सांगणं आहे, विनंती नाही. ते आजच खाली काढा. ज्या ज्या पानावर बाईचे फक्त कान दिसतात, तिथं दोन्ही तळहात ठेवा आणि दाबा. महागाचं आहे म्हणून हात आखडू नका. पाठ मोडेल. मोडू द्या.