मोबाइलमधले सर आणि माझी बाटली

माझी मुलगी बारावीत गेली आणि आमच्या कळंबोलीच्या घरात एक परका पुरुष राहायला आला. तो मोबाइलमध्ये राहायचा, काळा टी-शर्ट घालायचा आणि हिंदीत केमिस्ट्री शिकवायचा. इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणारी कुठकुठची पोरं त्याला ‘सर’ म्हणायची, तशी माझीही. दात घासताना सर, जेवताना सर, केस विंचरताना सर. सवत आली असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

माझ्या जळण्याला कारण होतं. मी स्वतः बी.एस्सी. केमिस्ट्री. इथल्या कारखान्यांचं सांडपाणी एकत्र करून साफ करणारा एक प्रकल्प आहे, त्याच्या लॅबमध्ये मी लग्नाच्या आधीपासून नोकरी करते. दहावीपर्यंत मुलीचं सगळं सायन्स माझ्याकडे होतं. मी पोळ्या लाटायचे, ती ओट्यापाशी स्टुलावर बसून समीकरणं सोडवायची, आणि चुकली की मी पिठाच्या बोटाने तिच्या वहीवर खूण करायचे. आता मी काही सांगायला गेले की ती एकाच कानातला इअरफोन काढायची. दुसऱ्या कानात सर चालूच.

‘मम्मी, सर वेगळ्या मेथडने शिकवतात. तू कन्फ्यूज नको ना करू.’

आणि त्यांच्या विनोदांवर हसायची! मी नेमके तेच विनोद आमच्या कॉलेजात ऐकले होते, तेव्हाच ते शिळे होते.

नवरा लोखंड बाजारातून दमून यायचा. दिवसभर पत्र्यांचा खणखणाट ऐकून त्याला घरातली भांडणं हळू आवाजातच वाटायची. तो म्हणायचा, ‘आगं, त्यो मोबाइलमधला माणूस. त्याच्यासंगं कसली इर्षा करतीस? पोरगी शिकतीय न्हवं?’ साताऱ्याकडच्या माणसाचं हे एक बरं असतं, तो दोन वाक्यांत निकाल लावून टीव्ही लावतो.

मी मात्र पर्यावरण रसायनशास्त्राच्या धड्याची वाट बघत बसले होते. तेव्हा तो धडा अभ्यासक्रमात होता, नंतर काढून टाकला. ओझोन, धुरकं, आम्लाचा पाऊस आणि पाण्याचं प्रदूषण. बाकीच्या केमिस्ट्रीत सरांना जे मिरवायचं ते मिरवू दे, पण घाण पाणी हे माझं राज्य होतं. त्यातही बीओडी. घाण पाण्यातले जंतू घाण खाता खाता पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात, तो किती संपला हे मोजायचं, म्हणजे बीओडी. पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, काचेचं बूच लावायचं आणि बाटली ठरावीक तापमानाला अंधारात ठेवून द्यायची. मी या बाटल्या इतक्या भरल्यात की झोपेत भरायला सांगितल्या तरी बुडबुडा राहणार नाही.

एके दिवशी कानावर आलं की सर उद्या तो धडा घेणार आहेत. मी भाजी चिरता चिरता शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, ‘हा मी शिकवते तुला.’

‘मम्मी, तो वन शॉटमध्ये होतोय, अख्खा धडा एकाच व्हिडिओत. दीड तास फक्त. डबल स्पीडवर टाकला की पाऊण.’

माझी सगळी नोकरी, पाऊण तासात. वर हा धडा सगळ्यात शेवटी घ्यायचा, नुसता वाचून टाकायचा, समजून घेत बसायचं नाही, अशी क्लासवाल्यांची रीतच असते. दुसऱ्या दिवशी तिने तो धडा इअरफोन न लावता लावला, तर सर त्याला ‘फ्री के चार नंबर’ म्हणत होते, मी ओट्यापाशी ऐकलं. स्वच्छ पाण्याचा बीओडी पाचच्या खाली, सतराच्या वर गेलं की फार घाण, असं त्यांनी एका दमात सांगितलं. सतरा! आमच्याकडे येणारं पाणी शेकड्यांत असतं. सरांनी एकदा येऊन नुसता वास घेऊन दाखवावा, असं मला वाटलं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी कांदा चिरत राहिले.

मग सराव परीक्षेच्या दिवशी सकाळी आमच्या बिल्डिंगचं नेट गेलं. मुलगी बूट घालत होती. घाईघाईत तिने विचारलं, ‘मम्मी, बीओडीची बाटली किती दिवस ठेवतात गं? आठवत नाहीये.’

मला विचारलं! वर्षभरात पहिल्यांदा मला विचारलं. डबा भरता भरता मी म्हटलं, ‘तीन दिवस. सत्तावीस डिग्रीला.’

‘शुअर ना?’

‘मी रोज करते. तुझे सर करतात का?’

संध्याकाळी ती आली तेव्हा मी मुद्दाम आधी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं. तोच प्रश्न आला होता. तीन दिवस आणि सत्तावीस डिग्री हा पर्यायसुद्धा होता, आणि तिने तोच निवडला. उत्तर होतं पाच दिवस, वीस डिग्री. चार गुण गेले आणि चुकीचा एक वजा झाला.

ती ओरडली असती तर चाललं असतं. आमच्यात तशी भांडणं होतात, जेवायच्या आत मिटतातही. पण ती समजुतीने म्हणाली, ‘टेन्शन नको घेऊ, मम्मी. तुमच्या लॅबमधे वेगळं असेल.’ कच्च्या पोरांशी सर अगदी याच आवाजात बोलतात. मी पुरती तोंडघशी पडले होते. त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. भाजीत मीठ कमी आहे का, एवढंसुद्धा नाही.

मला पाच दिवस माहीत नव्हते असं नाही, कॉलेजात तेच शिकले होते. पण मी चूक नव्हते, आणि हे कुणाला तरी कबूल करायला लावल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी सरांचा तो व्हिडिओ उघडला आणि खाली लिहायला घेतलं. डबा तसाच राहिला. मी लिहिलं, की सर, पाच दिवसांची पद्धत थंड देशांतली. आपल्या खाड्या आणि नाले वीस डिग्रीचे कधी असतात? उबेत जंतू भराभर ऑक्सिजन खातात, म्हणून सत्तावीसला तीन दिवसांत जवळपास तेवढंच काम होतं. आपल्याकडच्या लॅबमध्ये म्हणूनच तीन दिवस ठेवतात. बाटलीत एक बुडबुडा राहिला तर उत्तर कसं फसतं, तेही लिहिलं. आणि अंधारात का ठेवायची, तर उजेडात शेवाळं नवा ऑक्सिजन तयार करतं, हेही. मोडक्यातोडक्या हिंदीत, पण काही सोडलं नाही. शेवटी ‘मुलांना निदान कारण तरी सांगत जा’ असं ठणकावलं.

त्या आठवड्यात सरांचं शंका सोडवायचं लाइव्ह होतं. मुलगी टेबलापाशी, मी ओट्यापाशी. इअरफोनचं चार्जिंग संपलेलं, त्यामुळे आवाज घरभर. आणि सरांनी माझं नाव घेतलं. ‘इस बेटी ने कमाल का लिखा है,’ म्हणाले, आणि सगळं वाचून दाखवलं. बेटी! माझे अर्धे केस पांढरे झालेत. ‘एग्जाम में पाँच ही लिखना, पर असली बात ये है,’ असंही म्हणाले. माणूस दिलदार निघाला, याचाही मला थोडा रागच आला.

मी गॅस बारीक केला आणि वळले. आता ती उड्या मारेल, मैत्रिणींना सांगेल, असं मला वाटत होतं. तिने व्हिडिओ थांबवला होता.

‘हे तू लिहिलंस?’

‘हो.’

‘हे सगळं तुला माहीत होतं?’

‘मग? रोजचंच आहे माझं.’

‘मला फक्त तीन दिवस म्हणालीस,’ ती म्हणाली. ‘त्यांना एवढं समजावून सांगितलंस.’

तिचे ओठ घट्ट मिटले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या. काळ्या टी-शर्टवाला पडद्यावर तोंड उघडं ठेवून थांबला होता आणि ती त्याच्याकडे असं बघत होती, की त्याने तिचं काहीतरी उचलून नेलंय. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला पुन्हा गॅसकडे वळले.

‘त्यांना कशाला सांगितलंस?’ मागून तिचा आवाज आला, रडवेला. ‘मी रोज इथेच बसलेली असते ना.’