निळ्या फेट्यांचं गाठोडं

बाबांच्या खोलीचं दार दुपारी बंद दिसलं की अजूनही मी हातातलं काम टाकते. मी काहीतरी निमित्त काढून हाक मारते. ते आतून खेकसले की मग कुठे मला बरं वाटतं.

बाबांनी उभं आयुष्य शहराबाहेरच्या उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये काढलं. लालबुंद सळई सांडशीत धरून मशीनमध्ये घालायची, हे त्यांचं काम. मरदाचा हात थरथरला का तो संपला, हे त्यांचं वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो, आणि त्या हाताला घाबरतही. निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा तोरा एकाच कामात उरला. जयंतीच्या मिरवणुकीला आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, प्रत्येक पुरुषाला निळा फेटा ते बांधून देत. गोल बाजारातून कापड यायचं, आई त्याला खळ घालायची आणि बाबा विहाराच्या पायरीवर बसून एकेक फेटा स्वतःच्या गुडघ्यावर बांधायचे, मग समोरच्याच्या डोक्यावर ठेवायचे. पोरींनी त्या कापडाला हात लावायचा नाही. मी लांबून बघून बघून शिकले होते, पण सांगायची सोय नव्हती.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. एका सत्रात अभ्यासाला आफ्रिकेतल्या एका गावावरची कादंबरी होती. तिचा नायक अंगापिंडानं दणकट, गर्विष्ठ, आणि आपण नरम दिसू या एकाच गोष्टीला भिणारा. गोरे येतात, गाव हळूहळू त्यांच्या रीतीनं चालायला लागतं आणि हा एकटा ताठ उभा. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण मी काय वाचते याची चौकशी भारी. म्हणून रोज जेवताना मी त्यांना थोडी थोडी गोष्ट सांगायचे. तो माणूस त्यांना इतका आवडला की आईला म्हणाले, हा तर आपल्याच पाऱ्यातला दिसते. शेवटाशी आल्यावर मात्र मी अडले. शेवटी तो गोऱ्यांच्या शिपायावर हात उगारतो, मागे बघतो तर त्याच्याबरोबर कोणीच नसतं, आणि तो गळ्याला फास लावून घेतो. पेपर तपासायचे आहेत अशी थाप मारून मी गोष्ट तिथेच सोडली.

जयंतीच्या दिवशी बाबा गाठोडं घेऊन पायरीवर बसले. पोरं आली ती टोपीसारखे शिवलेले, रेडिमेड फेटे घालूनच. सगळी या हिंदी मुलखात वाढलेली; त्यांना मराठी कळते, पण उत्तर हिंदीतच. बाबांनी एकाला जवळ बोलावलं, तर तो हसत म्हणाला, "काका, अब कौन बैठ के बँधवाता है? पहनो और चलो."

बाबांनी त्याच्या थोबाडीत मारली.

पोरानं उलट हात उचलला नाही, नुसता बाजूला झाला. ज्यांच्या डोक्यावर बाबांनी वर्षानुवर्षं फेटे ठेवले, ती त्यांच्या वयाची माणसंही खाली बघत राहिली. मग डीजे सुरू झाला, मिरवणूक निघाली आणि आईही बायकांबरोबर पुढे गेली. बाबांनी गाठोडं उचललं आणि घराची वाट धरली.

मी मागोमाग पोचेपर्यंत खोलीला आतून कडी लागली होती. मी दार वाजवलं. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग खळ घातलेलं कापड उलगडल्याचा. वर पंख्याचा हूक होता. इतकी भीती मला त्यांच्या माराचीही कधी वाटली नव्हती. मी दाराला डोकं टेकवून तोंडाला येईल ते बोलत सुटले.

"बाबा, त्या गोष्टीचा शेवट राहिला आहे. दार उघडा, मी सांगते. उघडा ना, बाबा."

मग कडी निघाली.

बाबा परत जाऊन स्टुलावर बसले. गुडघ्यावर अर्धवट, विस्कटलेला फेटा होता आणि त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. कधीपासून लपवत होते कोण जाणे. एखादं पोरगं खरंच फेट्यासाठी समोर बसलं असतं, तर हातांचं ते थरथरणं सगळ्या पाऱ्यादेखत उघडं पडलं असतं. ती थोबाडीत रागाची कमी आणि भीतीची जास्त होती.

"तुले येते ना बांधता? लपून पाहत होती तू, मले माहीत हाये."

मी हो म्हणाले. कापड माझ्या गुडघ्यावर घेतलं, फेटा बांधला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"मंग, त्या माणसाचं का झालं?"

गाव त्याला समजावून परत आणतं, असं काहीतरी ठोकून द्यायचं मी ठरवलं होतं. ते मला जमलं नाही.

"त्यानं जीव दिला, बाबा."

त्यांनी मान हलवली. डोक्यावरचा फेटा सावकाश उतरवून गाठोड्यात ठेवला आणि गाठोडं पायानं माझ्याकडे सरकवलं.

"हे तुह्या कपाटात ठेव, कुलूप लावून. मी चाबी मागितली तरी देऊ नको."